पोहोचलेली वस्ती

प्रिय धाकटोबा,

पेपरात आलेला तुझा फोटो इथे चार दिवसांनी पोहोचला, तोही साबणाच्या पुडक्याला गुंडाळून. मंत्र्यांच्या मागे, डावीकडून तिसरा. वजन वाढलंय तुझं, चालत जा जरा. खाली लिहिलं होतं, शंभर टक्के वस्त्यांना वीज. मी ते खिडकीशी धरून वाचलं, कारण आमच्याकडे वीज नव्हती. हा विनोद आता इतका शिळा झालाय की वस्तीत त्यावर कुणी हसतही नाही.

गेल्या वर्षीचा तुमच्या खात्याचा फॉर्म आठवतो? दवाखान्याची नर्स म्हणून सही माझीच लागणार होती. वस्तीत वीज पोहोचली का, हो की नाही. तू फोनवर म्हणालास, ताई, तुझीच वस्ती तेवढी अडकलीये, टाक ना उरकून. त्या दिवशी साहेब लोक आले, खांबावरची डीपी चालू झाली, दवाखान्यात बल्ब लागला, फोटो निघाले. साहेब गेले आणि तासाभरात बल्बही गेला. मी ‘हो’ लिहिलं. तसं ते खोटं नव्हतंच. पाहुणा दारातून पाणी पिऊन परत गेला तरी आपण येऊन गेला असंच म्हणतो, तशी वीज येऊन गेली होती. आणि खरं सांगू, तुझं काम अडू नये एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

वायरमनवर चिडून काही उपयोग नाही, तो बिचारा हुकमाचा ताबेदार. तोच सांगतो, सरकारने आमच्या विजेचा दर इतका खाली ठेवलाय की कंपनीला युनिटमागे तोटा. मग कंपनी शहाणी, ती वीज सोडतच नाही! दिवसाला दीड तास, तोही भर दुपारी. मागच्या सुट्टीत तू हेच मला जेवताना समजावलंस, ताटात बोटाने रेघा ओढून, आणि हात धुता धुता म्हणालास, पण दर वाढवा म्हणणार कोण, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? अरे, आम्हाला विचारा ना कुणीतरी! रॉकेलला आणि मेणबत्त्यांना आम्ही त्याहून जास्त मोजतोच की. स्वस्तातल्या नसलेल्या विजेपेक्षा महागातली असलेली बरी, हे माझी शिवणकाम करणारी शेजारीणसुद्धा सांगेल, आणि ती शाळेची पायरी चढलेली नाही. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला हे दिसत नाही की दिसूनही बोलायचं नसतं?

माझं दुखणं म्हणजे लशींचा फ्रिज. लशीच्या बाटलीवर एक बारीकसा चौकोन असतो. उष्णता लागली की तो काळा पडत जातो आणि पूर्ण काळा झाला की बाटली फेकायची. महिनोन्महिने मी फेकतेच आहे. सौरपॅनेलसाठी तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. वस्ती विद्युतीकृत असल्याने अपात्र. शिक्का मात्र काय स्वच्छ उमटलेला! शेवटी दोन बस बदलून मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, बाई, तुम्हीच तर ‘हो’ लिहिलंय, आणि माझंच अक्षर माझ्यापुढे ठेवलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

गवंड्याची बायको लेकीला गोवराची लस द्यायला दोनदा आली. दोन्ही वेळा चौकोन काळा. पुढच्या मंगळवारी या, मी म्हटलं. मंगळवारच्या आत पोरीला गोवर निघाला. वाचली ती, पण आता डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही. आईला वाटायचं, पोरगी हट्टी झालीये. परवा मी तिला खरं काय ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पोरीचा कान चोळत बसली.

आता पत्राचं कारण. यंदाचा फॉर्म आला. तू दोनदा फोन केलास, तो मी उचलला नाही. फोन हातातच होता. एक वस्ती ‘नाही’ म्हणाली की तुमचे शंभर टक्के मोडतात आणि तुझी बढती त्यावरच अडकलीये, हे तुझ्या बायकोने मला सांगितलंय. फोनवर तू नुसतं ‘ताई’ म्हणाला असतास तरी मी विरघळले असते, म्हणून हे लिहिणं. काल सकाळी मी ‘नाही’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर त्या पोरीबद्दल लिहिलं आणि गेल्या वर्षीचं ‘हो’ कसं लिहिलं गेलं तेही. तुझं नाव घातलेलं नाही, पण विचारलं तर लपवणार नाही. फॉर्म पोस्टात पडलाय, आता अडवायला धावू नकोस. आई गेल्यावर तुझ्यासाठी मी मास्तरांशी खोटं बोलले, बाबांशी बोलले, कधी मागेपुढे पाहिलं नाही. रागावलास तर रागाव. जन्मभर तुझीच बाजू घेत आले रे, या वेळी दुसऱ्या कुणाच्या लेकराची घेतली.

यानंतरही तुझीच,
ताई