टेबलावर देखणा चेहरा

५ जानेवारी

चेहरा धाकटीला दिला! चर्चच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं चित्र करायचंय, त्यातला मरियेचा चेहरा! आणि मला सोनं. सोनं म्हणजे चेहऱ्याभोवतीची रिकामी भिंत — एक सोनेरी काच, तिच्या शेजारी दुसरी सोनेरी काच, मे महिन्यापर्यंत तेच.

मामंजींनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "चेहरा धाकटी करेल, सोनं थोरली." विषय संपला! अठरा वर्षं या सासऱ्याच्या हाताखाली काचा कापतेय मी. अंगठ्याला घट्टे पडलेत. ही माझी जाऊ दोन वर्षांपूर्वी घरात आली, कला शिकून आली म्हणे. मी हसून "छान" म्हटलं आणि सगळ्यांचे ग्लास भरले. स्वतःचा भरायचा विसरले.

आमचे हे म्हणाले, "तुझ्या का पोटात दुखतंय? दोघी घरच्याच ना?" यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१४ जानेवारी

आज परांचीवर चढले. हे चर्च टेकडीवर आहे, यात्रेकरू तीनशे पायऱ्या चढून येतात. आणि आत आलं की बोळ! अरुंद आणि उंचच उंच. दोन्ही बाजूंना एवढे जाड खांब की लांबून वेदीमागची भिंत दिसतच नाही. रांग खांबांच्या मागून सरकते आणि एकदम भिंतीच्या पायाशी निघते. तिथे मान वर केली की चाळीस फुटांवर मरिया. जो बघेल तो पायाशी उभं राहूनच बघेल.

सोन्याची काच सपाट बसवायची नसते. भिंतीवरच्या ओल्या चुन्याच्या मसाल्यात प्रत्येक तुकडा अंगठ्याने जरासा कलता करायचा, एक इकडे, एक तिकडे. मग खिडकीतला उजेड भिंतभर खेळतो. हे कुणाला दिसत नाही. चेहरा दिसतो!

२ फेब्रुवारी

धाकटीला नवी पक्कड आणली. मी अजून जुन्याच पकडीने काचा तोडतेय.

२० फेब्रुवारी

मामंजी आता परांचीवर येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. दिवसभर धाकटीच्या टेबलापाशी बसायला गुडघे लागत नाहीत ना! तिने बसवलेल्या काचांवरून हळूहळू बोटं फिरवतात, गालावरून, ओठांवरून. "सांधे छान जुळलेत गं." माझ्या कामावरून कधी फिरवली अशी बोटं?

मला मात्र रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "खालून बघितलंस ना सगळं? काय म्हणतंय?" मुकादम केलंय मला. "ठीक आहे" म्हणते आणि हात धुवायला जाते.

११ एप्रिल

चेहरा पुरा झाला. दाराएवढा मोठा, जाळीवर चिकटवलेला, टेबलावर आडवा. फादर पाच मिनिटं नुसते उभे होते. "जिवंत आहे हो!" मीही गेले बघायला. सुंदर आहे. खोटं कशाला लिहू? त्या पापण्या मला जमल्या नसत्या. तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग लक्षात आलं. तो चेहरा गोल आहे! गोड, गोल, प्रमाणात अगदी नेमका — टेबलावर! भिंतीच्या पायाशी उभं राहून वर बघितलं की उंची दबते. म्हणून चेहरा मुद्दाम लांब करायचा, नाक लांब, कपाळ उंच. टेबलावर घोड्यासारखा दिसला पाहिजे, तेव्हा खालून माणसासारखा दिसतो. मामंजींनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं — "टेबलावर देखणा, तो भिंतीवर बसका." धाकटीला कुणी शिकवलंच नाही! खालून ही मरिया दिसणार डोक्यावर कुणी बसल्यासारखी.

मी परत माझ्या सोन्याकडे गेले.

१२ एप्रिल

मी का बोलू? पन्नास वर्षं काम केलेला माणूस रोज तिच्याजवळ बसतो. तो गप्प आहे, मग मी कोण लागून गेले?

दुपारी धाकटीच आली. "जाऊबाई, भिंतीवर बरं दिसेल ना हो? मला धाकधूक वाटतेय."

"मामंजींना विचार की."

"विचारलं. ते म्हणाले, थोरलीला दाखव."

"मी बाई सोनंवाली. मला चेहऱ्यातलं काय कळतंय?"

तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

६ मे

चेहरा वर चढवला. सहा तुकडे करून दोरांनी ओढून घेतले. गालाच्या कडेचं सोनं मीच लावलं, धाकटीच्या खांद्याला खांदा लावून. ती गुणगुणत होती! मसाला ओला आहे तोवर जाळी सुटते, चेहरा उतरवून पुन्हा करता येतो. सकाळपर्यंत वेळ होता.

संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "खालून बघितलंस?"

"बघितलं." परांचीच्या फळ्यांतून अर्धंच दिसत होतं. तेवढं पुरे होतं.

"काय म्हणतंय?" आज जरा जास्तच थांबले.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"मग झालं," म्हणाले.

७ मे

मसाला वाळला.

१९ मे

परांची उतरली. सगळे भिंतीच्या पायाशी जमलो. मान वर केली. कपाळ नाहीच. नाक बसकं. त्या पापण्या नुसत्या मिटलेल्या वाटतात. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, हिचं डोकं दुखतंय वाटतं!" फादर खोकले.

तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं आणि माझं सोनं पेटलं! सगळी भिंत हलायला लागली. लोक "वा वा" करायला लागले, सोन्याकडे बघत. अठरा वर्षांत पहिल्यांदा!

धाकटी बाहेर पायरीवर जाऊन बसली. रडलीसुद्धा नाही. हे वाटेत म्हणाले, "तुला आधी कळलं होतं का गं?" मी रस्ता बघत चालले.

२० मे

मामंजी धाकटीला समजावत होते. मी दाराबाहेर उभी होते. "तुझी चूक नाही, पोरी. वर्ष झालं, माझ्या डोळ्यांना समोरचा चेहरा दिसत नाही. कुणाचाच. कडेकडेचं दिसतं, सोनं चमकलेलं कळतं, बस. चेहऱ्याला तुझा हात हवा होता आणि नजर थोरलीची. तिच्याएवढी नजर या घरात कुणाची नाही. ती ठीक म्हणाली, म्हणून मी हो म्हटलं. एखाद्या वेळी तिचंही चुकतं. तिला यातलं काही बोलू नकोस हं, जिवाला लावून घेईल."