शिकारीची पाळी

अर्जुनीनजीक, कार्तिक वद्य पंचमी, सन १९३७

तीर्थरूप यादोरावमामांचे चरणी भाचा केवलराम याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो किंवा कसे, आणि मामींचा खोकला थंडीबरोबर वाढला की उतरला, हे सविस्तर कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. येथील पाणी मानवते, भात मुबलक मिळतो, आणि (हे मामींना वाचून दाखवावे) ताकही मिळते.

आपल्या शब्दावर मला येथील इंग्रजी वर्ग मिळाला, म्हणून त्या वर्गाचे काय झाले हे आपणांस प्रथम कळविणे माझे कर्तव्य आहे. गेल्या साली तपासनीस साहेब शेरेबुकात लिहून गेले होते की, मुले पाठ करून बोलतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. गावाला इंग्रजीची खरीच आवड असेल तर शाळा कमिटीने स्वतः दोन वाक्ये बोलून दाखवावीत, नाहीतर वर्ग बंद करण्यात येईल. साहेबांना वाचनाचा नाद असल्यामुळे ते जेथे जातात तेथे, आपणांस कोणत्या प्रकारच्या गोष्टी आवडतात, एवढेच विचारतात, अशी माहिती मी साकोलीच्या हेडमास्तरांकडून काढली. प्रश्न आधी ठाऊक असलेली परीक्षा शिक्षकाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. मी त्याच दिवशी पाठ आखला.

कमिटीत तिघे जण आहेत. मालगुजार बकाराम पाटील, ज्यांच्या पूर्वजांनी येथील तलाव बांधला. त्यांचे भाऊबंद सेवकराम. आणि अनुसयाबाई, ज्यांच्या ओसरीवर वर्ग भरतो. (ओसरी दिली म्हणून त्यांना कमिटीत घेतले आणि कमिटीत घेतले म्हणून त्या ओसरी परत मागत नाहीत.) या तिघांना मी रोज तिसऱ्या प्रहरी शिकवू लागलो. प्रथम गोष्टींचे प्रकार: भुताच्या त्या घोस्ट स्टोरीज, शिकारीच्या त्या हंटिंग स्टोरीज, राजाराणीच्या त्या रॉयल स्टोरीज. त्यानंतर क्रियापद. साधी आवड असेल तर ‘लाइक’ म्हणावे. दोन वस्तू तागडीत घालून एक पारडे जड ठरवावयाचे असेल तर ‘प्रेफर’, आणि हलक्या पारड्याच्या अगोदर ‘टू’. आपण आपल्याविषयी बोललो तर क्रियापद जसेच्या तसे राहते, पण तिसऱ्या एकट्याविषयी बोललो की त्याला ‘एस’ चिकटतो. हे त्यांना लगेच पटले, कारण जो समोर नाही त्याच्याविषयी बोलताना काहीतरी पदरचे जोडावे लागते हा येथील नित्याचा अनुभव आहे. आणि साहेबांनी ‘का’ विचारल्यास, त्या गोष्टी मनोरंजक असतात म्हणून, हे एकच उत्तर सर्वांना पुरेल असे मी शिकविले.

पहिल्या चाचणीत तिघांनीही भुताच्या गोष्टी आवडतात असे सांगितले. मी समजावले की आवड ज्याची त्याची असते, तेव्हा प्रत्येकाने आपापली सांगावी. यावर बकाराम पाटील म्हणाले, “मास्तर, तुमचं बरोबर आहे. सारेच एका नालीवर तुटून पडले त खालच्याले काय भेटल?” मला वाटले, त्यांना विषय समजला. मामा, येथेच माझी चूक झाली.

या लोकांच्या तलावाचे पाणी पाळीने सुटते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती दिवस पाणी जावयाचे हे पंचांत ठरते, आठ दिवसांनी पाळी फिरते, आणि दुसऱ्याच्या पाळीत आपली नाली उघडणे याइतका मोठा गुन्हा येथे दुसरा नाही. चार पिढ्या त्यांनी अशी शिस्त पाळली आहे आणि तीमुळेच येथील धान दुष्काळातही पिकले. तेव्हा त्यांनी तलावाच्या बांधावर बसून आवडींचीही रीतसर वाटणी केली. पहिल्या आठवड्यात पाटलांना राजाराणी, सेवकरामांना भुते, अनुसयाबाईंना शिकार, नंतर फिरती. हे मला सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण याहून वेगळे काही असू शकते हेच त्यांच्या ध्यानात आले नाही. मी फक्त पाहिले की तिघेही तीन वेगळी उत्तरे देतात, आणि धन्य झालो.

साहेब नेमल्या सोमवारी आले नाहीत. त्यांच्या घोड्याचा पाय मुरगळला होता, म्हणून ते पुढच्या सोमवारी आले. ओसरीवर सतरंजी घातली होती. बकाराम पाटलांनी भुताच्या गोष्टी आवडतात असे स्वच्छ सांगितले. (मला किंचित आश्चर्य वाटले.) सेवकरामांनी शिकारीच्या सांगितल्या. अनुसयाबाईंनी पदर सारखा केला आणि उच्चारात एकही दोष न ठेवता म्हणाल्या, “आय लाइक हंटिंग स्टोरीज व्हेरी मच.”

सेवकराम उभे राहिले. “काकी, आजची शिकार मायी आहे. तुयी पाळी मागच्या हप्त्यात होऊन गेली.”

“मागच्या हप्त्यात सायेब आला का?” अनुसयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “पाणीच सुटलं नाही त मायी पाळी कशी गेली?”

“सुटो का नोको सुटो, दिवस त गेले ना?”

“तुया बापानं असंच म्हणून माया उसाचं पाणी नेलं होतं. काऊन, विसरला?”

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अत्यंत अवघड असल्याचे मला नंतर कळले. बकाराम पाटलांनी साहेबांना हाताने थांबण्याची खूण केली आणि निवाडा करावयास घेतला. त्यांचे वडील, आजोबा आणि सन १८९९ चा दुष्काळ असे तीन दाखले निघाले. अर्ध्या तासाने साहेबांनी मला विचारले की, हे काय चालले आहे. मी त्यांना सर्व प्रकार, जो मलाही या भांडणातूनच उमगला होता, क्रमाने आणि कर्त्याप्रमाणे क्रियापदे चालवून सांगितला. साहेबांनी शेरेबुकात लिहिले की, कमिटीचे व्याकरण निर्दोष आहे, मात्र आवडीविषयी संशय आहे. माघात पुन्हा येऊन हाच प्रश्न विचारीन, प्रत्येकाने स्वतःची आवड सांगितल्यास वर्ग राहील, न सांगितल्यास जाईल.

तेव्हापासून मी पुन्हा मुळापासून शिकवीत आहे. आवड ही वाटून मिळत नाही, ती मनात आपोआप उगवते, हे मी उदाहरणांसह तीन आठवडे समजाविले. तिघांनाही ते पूर्णपणे पटले आहे, आणि वर्गाची मला आता लवमात्र काळजी वाटत नाही. वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
केवलराम

ता. क. – पटल्यावर तिघे काल पंचांत बसले आणि आपोआप उगवलेली आवड कोणाची कोणती, हे त्यांनी एकमताने ठरविले. आठ दिवसांनी ती फिरेल.

ता. क. २ – साहेबांच्या कचेरीतील हेडक्लार्क आपले स्नेही आहेत. माघ शुद्ध सप्तमीच्या सोमवारी शिकार अनुसयाबाईंकडे येते, असा मी हिशेब केला आहे. तेव्हा दौरा त्याच दिवशी ठेववावा. साहेबांचा घोडा पुन्हा लंगडला तर तारीख पुढे ढकलण्यास आमची हरकत नाही, मात्र ती तीन आठवड्यांच्या पटीतच ढकलावी, एवढे त्यांच्याकडून वदवून घ्यावे. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच होय.

ता. क. ३ – हे पत्र मी ओसरीवरच लिहीत असल्याने अनुसयाबाईंनी वाचून घेतले. त्या म्हणतात, मामाले तरास कायले देता, सायेब कोनत्याबी दिवशी येऊ द्या, मी शिकारच सांगीन.