ब्रशचा कारखाना आणि चार पंथांचे वारस

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा रंगाऱ्यांचे ब्रश तयार करणे, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहून घेत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे; ती थोडी कमी असती तर घरच्यांची सोय झाली असती. मला कोणी धमकावलेले नाही की फसवलेले नाही. समजावून सांगण्याचा प्रयत्न मात्र सगळ्यांनी केला, आणि तोही पडद्यावर चित्रे दाखवून.

मालमत्तेचा पूर्वेतिहास असा. हा कारखाना मी आणि माझ्या यजमानांनी उभा केला. कागदोपत्री मालक ते. ते सह्या करत आणि मी कारखाना चालवी. माझी पद्धत एकच, वरच्या खोलीच्या खिडकीतून खाली ओरडणे. तिच्यावर अजून कोणी पुस्तक लिहिलेले नाही. यजमान गेल्यावर सगळे माझ्या नावावर झाले.

पुढे मी जिन्यावरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. अंथरुणातून ओरडलेले खाली ऐकू जाईना. घरात व्यवस्थापन शिकलेल्यांची वानवा नव्हती, आणि प्रत्येकाचा पंथ निराळा. तेव्हा मी जाहीर केले की प्रत्येकाने आपापल्या पंथाप्रमाणे पाळीपाळीने कारखाना चालवावा, मग कोणाला द्यायचा ते मी ठरवीन. पुढची वाटणी त्यातून आली आहे.

कलम एक. थोरला मुलगा, पंथ घड्याळाचा. या पंथाचे म्हणणे असे की प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम रीत असते. ती मोजून काढावी आणि माणसाकडून तेवढीच करून घ्यावी. थोरला हातात घड्याळ घेऊन प्रत्येकाच्या पाठीशी उभा राहू लागला. केस जुळवणाऱ्याने फक्त केस जुळवायचे, केस मुठीला धरून ठेवणारा पत्रा ठोकणाऱ्याने फक्त पत्रा ठोकायचा. माल भराभर निघू लागला, हे मी नाकारत नाही. पण अख्खा ब्रश कोणाच्याच हातात येईना. एक रंगारी तणतणत दारात आला. म्हणाला, "बाई, तुमच्या ब्रशनं गिऱ्हाइकाच्या भिंतीला मिशा फुटल्या!"

थोरल्याने मला शांतपणे विचारले, "पण आई, वेळ वाचला की नाही?"

त्याला माझा भाड्याने दिलेला फ्लॅट द्यावा. वाचवलेला वेळ त्याने तिथे घालवावा.

कलम दोन. धाकटे दीर, पंथ हुद्द्यांचा आणि नियमांचा. यांच्या मते माणसे येतात नि जातात, खुर्ची राहते. भावजींनी कारखाना हुद्द्यांनी भरून टाकला. जिथे माणसे कमी पडली तिथे दोन हुद्दे स्वतःकडे घेतले. गोंदाची टाकी गळू लागली तेव्हा दुरुस्तीचा अर्ज त्यांनी देखभाल प्रमुख म्हणून लिहिला आणि खरेदी प्रमुख म्हणून नामंजूर केला, कारण अर्जात हुद्दा चुकीचा पडला होता. तोवर गोंद जमिनीवर पसरून सुकला. पाहणीला गेलेल्या भावजींचा बूट तिथे असा चिकटला की ते मोज्यावर घरी गेले. तरी कबूल करते, त्यांच्या काळात गोदामातून एक खिळाही चोरीला गेला नाही. त्यांना माझे लोखंडी कपाट, सगळ्या कुलपांसकट. कपाट उघडायला कोणाची परवानगी लागेल, ते त्यांचे त्यांनी बघावे.

आमच्या लग्नात मानपानावरून भावजी रुसून बसले होते. तेही मी विसरलेले नाही, पण त्याची वाटणी करता येत नाही म्हणून सोडून देते.

कलम तीन. धाकटा मुलगा, पंथ मनाचा. माणूस पैशासाठी नाही, आपुलकीसाठी राबतो, असे हा पंथ सांगतो. धाकट्याने भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, पडदे लावले, रोज सकाळी मनमोकळी बैठक सुरू केली. इतक्या वर्षांत "कसे आहात?" असे प्रथमच कोणी विचारले, म्हणून लोक खूश झाले आणि कामही वाढले. मग एका बैठकीत केस कातरण्याच्या विभागातली थोरली कामगार उठली आणि म्हणाली, "दादा, आत केसांची धूळ फार होते. ती ओढून घेणारा पंखा बसवा."

धाकटा छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या."

ती म्हणाली, "भावना नाही हो, खोकला आहे."

पंखा आला नाही. दुसऱ्या आठवड्यात बैठकीत फुलदाणी आली.

माझ्या बँकेतल्या ठेवींपैकी अर्ध्या धाकट्याला द्याव्यात. उरलेल्या अर्ध्या कातरकामातल्या माणसांच्या छातीच्या तपासणीला आणि औषधाला लावाव्यात. हे करताना कोणी भाषण करू नये.

कलम चार. मुलगी. तिचा पंथ मला शेवटपर्यंत कळला नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "ते प्रसंगावर आहे." असे बोलायला शिकवणारेही मोठमोठे प्राध्यापक आहेत म्हणे. तिने पत्रा ठोकण्याच्या कामावर घड्याळ ठेवले, गोंदाच्या खोलीला भावजींचे कडक नियम लावले आणि बैठक महिन्यातून एकदाच ठेवली. मी म्हटले, ही तर सगळ्या पंथांची खिचडी. मग ऐन हंगामात, मोठी ऑर्डर हातात असताना, तिने कातरविभाग बंद केला आणि पंखा बसवायला माणसे बोलावली. ऑर्डर गेली.

मी तिला वर बोलावून घेतले. "कोणाला विचारून बंद केलंस?"

"कोणालाच नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरे होते, म्हणूनच मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

तरी कारखाना, जमीन, यंत्रे, नाव आणि वरची खोली हे सर्व मी मुलीला देत आहे. इतर वारसांनी कोर्टात जायचे असेल तर आपापल्या पंथाप्रमाणे जावे.

हे तिला आधी सांगावे म्हणून मी तिला बोलावले. ती पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "आई, चालेल असं वाटलं नाही तर मी विकून टाकीन."

"वीक."

"आणि तू खिडकीतून ओरडणार नाहीस?"

"मेल्यावर कशी ओरडू?"

"तू मरायची वाट बघत बसायला वेळ नाही मला. द्यायचा तर आत्ता दे."

मी उशीखालून चाव्या काढून दिल्या. बक्षीसपत्राचे काम वकिलांनी वेगळे केले आहे. चाव्या पिशवीत टाकून तिने मालक म्हणून पहिला हुकूम सोडला, तो असा की वरची खोली रविवारपर्यंत रिकामी करावी. मी हे सांगत असताना ती माझ्या साड्यांची ट्रंक बांधते आहे आणि काय न्यायचे, काय टाकायचे, हे मला विचारत नाही.

हे मी वाचून घेतले, मला कळले, आणि मान्य आहे.

लिहून देणारी : (सही) ब्रशवाली बाई

साक्षीदार
१. (सही) हाडांचे डॉक्टर. रुग्ण शुद्धीत आहे. जरा जास्तच.
२. (सही) शेजारचा छापखानावाला

ठिकाण : कारखान्यावरची खोली, रविवारपर्यंत
तारीख : १४ मार्च, शुक्रवार