साखर नाही, तरी साखरेची गोळी

समता कॉलोनी, रायपूर

तीर्थस्वरूप प्रेमलाताईस,

धाकट्या रामकृष्णाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, सध्या वाकलो की दम लागते). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? मीनलच्या लग्नाची पत्रिका पोचली, देवाजवळ ठेवली.

फोनवर तुझी भावजय क्षमा रडली म्हणून तू घाबरली असशील, तर खरी हकीगत ऐक. मीनलले मामाची साडी घ्यायला सदर बाजारात गेलो. दुकानाचा जिना चढता चढता असा दम लागला की दुकानदारानं साड्या सोडून आधी मले पाणी पाजलं. पायही सुजले होते, पण ते मी नव्या चपलेच्या नावावर टाकलं होतं. मग इथल्याच डॉक्टरनं हृदयाची सोनोग्राफी करवली. रिपोर्टमध्ये लिहिलं, पंपिंग नॉर्मल. मी रिपोर्ट घेऊन थेट पेढ्याच्या दुकानात. (निकाल पुरता न वाचता पेढे वाटायची आपल्या घरची रीतच आहे. बाबांनी माझ्या मॅट्रिकचे असेच वाटले होते, अन् मी गणितात गेलो होतो.) साऱ्या पाऱ्यात, शेजारीपाजारी घरोघरी वाटून डॉक्टरकडे गेलो, तर तो म्हणे, काकाजी, हे हार्ट फेल्युअरच आहे.

पंप बरोबर तर फेल काय झालं, मी रेल्वेच्या नोकरीत कमावलेल्या मोठ्या आवाजात विचारलं. तर म्हणे, हृदय रक्त बाहेर ढकलते बरोबर, पण ते कडक झालं आहे, सैल होऊन नीट भरत नाही. म्हणून पाणी फुप्फुसात अन् पायात साचते. एका गोळीनं भागत नाही. बीपी ताब्यात, मीठ कमी, रोज चालणं, वजन उतरवणं, पाणी काढायची गोळी, अन् वरून एक साखरेच्या बिमारीची गोळी. क्षमा तिथंच म्हणाली, "मी कधीपासून सांगून राहिली, जरा सैल बसत जा."

आता मले साखर नाही. म्हणजे डॉक्टर चुकला, असं मी ठरवलं अन् त्या गोळ्या समोरच्या यशवंतरावांले देऊन टाकल्या (त्यांले साखर आहे, औषध वाया काहून घालवाचं?). त्यांनी बदल्यात आंब्याचं लोणचं दिलं, ते मी संपवलं. मग काय, पाय पुन्हा सुजले अन् मले आडवं पडून झोपता येईना. तिकडे यशवंतराव आपल्या डॉक्टरच्या शिव्या खाऊन आले. माझ्यावाला म्हणाला, साखर नसली तरी अशा हृदयाले ती गोळी कामाची आहे. आता घेऊन राहिलो, सूज उतरली. सकाळी यशवंतरावांसोबत चालतो. ते अजून रागात आहेत, बोलत नाहीत, त्यामुळे दम वाचते.

बाकी सगळं मजेत. मोठ्यांले नमस्कार, पोट्ट्यांले आशीर्वाद.

तुझा,
रामकृष्ण

ता.क. – खरं काम राहिलंच. मीनलच्या मागे मामा म्हणून मीच उभा राहणार, हा मान मी कोणाले देत नाही. पण आपल्या घरच्या बायका मंगलाष्टकं म्हणायले लागल्या की आवरत नाहीत. मले भीती वाटते ताई, मध्येच खाली बसावं लागलं तर पोरगी अंतरपाट सोडून माझ्याकडे पाहील. तर माझ्या मागे एक खुर्ची ठेवजो. पोरीच्या आईनं मंगलाष्टकं पाहू नये म्हणून तू तेव्हा तुळशीपाशी असशील, तुले काही दिसणार नाही. क्षमाले सांगू नको.

आणखी ता.क. – क्षमानं वाचलं. ती म्हणते, दोन ठेवा. एकटा मामा बसला तर लोक बिमार म्हणतील. मामा-मामी दोघं बसले तर मान ठेवला म्हणतील.