फाटकापासून दारापर्यंतची वाट

मी, सौ. सुलेखा जयप्रकाश रिसबूड, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार पुणे, हल्ली सेंदाई, खालचा मजकूर माझ्या अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते पोट, आणि त्याचा या मजकुराशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतका वेळ दोन्ही मुलांपैकी कोणालाच मिळालेला नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे नाव, तारीख आणि शिक्का पुरतो म्हणतात. मला दोन साक्षीदारांवाचून चैन पडणार नाही, म्हणून तेही बोलावले आहेत. माझे पती श्री. जयप्रकाश रिसबूड यांचा उल्लेख यापुढे ‘हे’ असा येईल. लग्नापासून तसाच येतो.

कलम १. सेंदाईच्या पश्चिमेला टेकडीवर असलेले आमचे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा मी यांना देते. यांच्यानंतर घर मुलगा सारंग आणि मुलगी ओवी यांचे, सारखे. मात्र घराबरोबर फाटकापासून दारापर्यंतची, गाडी आत आणायची वाटही येते. खरे तर तिच्याविषयी लिहायचे म्हणूनच मी हा कागद पुढे ओढला आहे.

कलम २. या वाटेची वाट कशी लागली हे मुलांना पाठ आहे, तरी लेखी असावे. घर बांधताना ठेकेदार ओनोदेरा-सान यांनी यांना विचारले, की जमीन चिकणमातीची आहे, पाणी धरून ठेवते. थंडीत ते पाणी गोठून फुगते आणि वरचे काँक्रीट उचलते. तर खाली खडीचा जाड थर घालू का? हे मनात म्हणाले, ‘चालेल.’ तोंडाने म्हणाले, ‘केक्को देस.’ शब्दकोशात त्याचा अर्थ ‘उत्तम’ असा दिला आहे. दुकानात पिशवी नको असली की लोक हेच म्हणतात, हे यांच्या लक्षात आले नाही. ओनोदेरा-सान समजले, नको. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि खुशीत आपापल्या कामाला लागले.

पहिल्याच हिवाळ्यात काँक्रीट मधोमध तडकले आणि फाटकाजवळचा तुकडा पायरीसारखा वर आला. तक्रार केली तेव्हा ओनोदेरा-सान म्हणाले, “रिसबूड-सान, मी विचारलं होतं. तुम्हीच नको म्हणालात.” यांना राग आला नाही, उलट मजाच वाटली. पुढे यांच्या विद्यापीठातल्या कुठल्याही पार्टीला जा, हा किस्सा आमच्या आधी पोचलेला असे. दर वसंतात हे भेगा बुजवत, दर हिवाळ्यात जमीन त्या उघडत असे. आम्ही धडधाकट होतो, टुणकन उडी मारून पलीकडे जात होतो. तेव्हा ती गंमतच होती.

कलम ३. माझे शिवणाचे मशीन ओवीला. तिला शिवता येत नाही, पण मशीनचा आवाज तिला आवडतो. बर्फ ओढायचे मोठे फावडे सारंगला. टोकियोत त्याचा काही उपयोग नाही, आणि म्हणूनच देते; ते वापरायला त्याला इथे यावे लागेल.

माझ्या पुण्याच्या नणंद स्नेहलतावन्सं यांना माझी हिरवी नारायणपेठ, कारण दर भेटीत त्या तिच्यावरून हात फिरवतात. सोबत अर्धी उरलेली मिठाची पिशवी. “अगं, बर्फावर मीठ टाक, आपोआप वितळतं. एवढं शिकलेले तुम्ही, आणि मीच सांगायचं का?” असे त्या पुण्यात बसून फोनवर म्हणाल्या होत्या. मी टाकले. बर्फ वितळला, आणि वसंतापर्यंत काँक्रीटची सालेही निघाली. वन्संना मी माफ केले आहे, पण पिशवी त्यांनी ठेवून घ्यावी.

कलम ४. दोन वर्षांपूर्वी यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. चार भाषा येणाऱ्या माणसाजवळ एकच शब्द उरला, ‘चालेल.’ चहा देऊ? चालेल. खिडकी लावू? चालेल. पाय दुखतोय का? चालेल. डॉक्टर म्हणतात, यांना सगळे कळते, पण ओठांवर येतो तो तेवढाच.

आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यायला पुनर्वसन केंद्राची गाडी येते, ती फाटकापर्यंत. डिसेंबर लागला की जमीन काँक्रीट उचलते आणि यांची चाकांची खुर्ची फाटकाच्या अलीकडेच अडते. माणसाला उचलून नेण्याची ड्रायव्हरला परवानगी नाही. तो खूप वाकून माफी मागतो आणि रिकामी गाडी घेऊन जातो. मार्चपर्यंत हे खिडकीत बसून असतात.

गेल्या फेब्रुवारीत मी हट्टाने खुर्ची ओढली. चाक भेगेत गेले, खुर्ची कलंडली, आणि आम्ही दोघे बर्फावर आडवे झालो. मला यांना उठवता येईना. शेजारच्या बाई कचरा टाकायला बाहेर येईपर्यंत मी यांच्या डोक्याखाली हात घालून नुसती पडून होते. त्या वेळी जेवढे असहाय वाटले, तेवढे पुढे माझ्या दुखण्याचे नाव ऐकूनही वाटले नाही.

कलम ५. या महिन्यात मी ओनोदेरा-सानना बोलावून सांगितले की वाट लगेच नव्याने करायची आहे. त्यांनी वाकून माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, “ओक्सान,” म्हणजे बाईसाहेब, “आता जमीन गोठणार. आत्ता केलं तर पुन्हा तेच होईल. एप्रिलपर्यंत थांबा.” मी म्हणाले, मला एप्रिल मिळणार नाही. ते बराच वेळ वाकून उभे राहिले. जमिनीपुढे त्यांचेही काही चालत नाही.

म्हणून काम माझ्यामागे व्हावे, आणि ते असे. जुने काँक्रीट सगळे उखडावे, वरून लिंपू नये. कोपरभर नव्हे, चांगले मांडीइतके खोल खणून चिकणमाती काढावी. तिथे खडी घालावी, थर घालत आणि ठोकत. पाणी निघून जायला एका कडेने भोकांचा पाइप टाकावा. वर एकसंध काँक्रीट नको, छोटे ठोकळे बसवावेत. एखादा उचललाच तर तेवढाच काढून पुन्हा बसवता येतो. उतार रस्त्याकडे, पण खुर्ची आपोआप पळणार नाही इतका. फाटकात पायरी नको. मीठ कधीही नको, निसरडे झाले तर वाळू टाका. माझी पोस्टातली शिल्लक या कामाला वापरावी. ठेकेदाराशी ओवीनेच बोलावे आणि प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच म्हणावे. सारंगने नुसती मान हलवली तरी घोटाळा होईल.

मधला हा हिवाळा यांनी कसा काढायचा, ते मला माहीत नाही.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडले. सारंग टोकियोतल्या हिगाशी-कसाईहून म्हणतो, “आई, घर विकू या. बाबांना मी इकडे आणतो, इथे लिफ्ट आहे.” ओवी जपानीत म्हणते, की बाबांना इथले झाड न् झाड ओळखीचे आहे, त्यांना हलवू नका. दोघे मनापासून बोलतात, आणि दोघेही सकाळी गेले की रात्री घरी येतात.

मी यांनाच विचारले. “सारंगकडे जाल?” चालेल. “इथेच राहाल?” चालेल. “पुण्याला, वन्संकडे?” चालेल. मग चिडून मी जे विचारू नये ते विचारले, “आणि मी गेले तर?” यांनी तोच शब्द म्हटला, आणि यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले.

घर, साडी, फावडे यांची वाटणी करता येते. माणसाला काय हवे तेच कळत नसेल, तर त्याचे काय करावे याचे कलम मला लिहिता येत नाही. मुलांनो, जे ठरवाल ते ठरवा. पण आधी वाट करा. घर विकणार असाल तरी करा. माझी रक्षा कपाटात थांबेल, तिला घाई नाही. चौघांनी उचलून न्यायचे ते माणसाला एकदाच. त्याआधी यांना उचलून या घराबाहेर काढू नका. कुठेही नेलेत तरी हे आपल्या चाकांवर बाहेर पडू देत.

हा सगळा मजकूर आज दुपारी मी यांना वाचून दाखवला. माझ्या सहीशेजारी यांचा अंगठा असावा अशी माझी इच्छा होती. साक्षीला बोलावलेल्या नंदिनीने शाईची डबी उघडली आणि मी यांचा डावा हात कागदाकडे आणला. यांनी मूठ आवळली. मी एकेक बोट सोडवून पाहिले, सुटेना. या हातात अजून इतका जोर आहे हे मला ठाऊक नव्हते. तोंडातून एकही शब्द आला नाही. नंदिनी म्हणाली, “काकू, राहू दे.” ती जागा कोरी ठेवली आहे.

ठिकाण: सेंदाई
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९७

सुलेखा जयप्रकाश रिसबूड
(सही व शिक्का)

जयप्रकाश रिसबूड, डाव्या हाताचा अंगठा:

साक्षीदार:
१. नंदिनी सत्यजित घारपुरे, सेंदाई. मजकूर माझ्यासमोर वाचला गेला. (सही)
२. ओनोदेरा काझुओ, ठेकेदार, सेंदाई. मजकुराचा अर्थ नंदिनी यांनी जपानीत सांगितला. (शिक्का, खाली त्यांच्या अक्षरात जपानीत: ‘एप्रिल. पहिले काम हे.’)