मधून म्हणा, आप्पा

आप्पा,

तुमच्या नावानं लोकांनी दुकान थाटलंय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यापासून तुम्ही रोज सकाळी ताईच्या मोबाइलवर बोलताय, विचारलं तर उत्तरही देताय. तुमची जुनी प्रवचनं कुणा शिष्यानं भक्तिभावानं इंटरनेटवर चढवली होती. भामट्यांनी त्यातून तुमचा आवाज उचलला, ‘गुरुजींची विद्या आता मशीनमध्ये’ अशी आरोळी ठोकली, आणि आता तुम्ही रामघाटच्या म्हाताऱ्यांना कसलंसं डिजिटल नाणं घ्यायला सांगताय. दक्षिणेचं पाकीट यजमानासमोर कधी न उघडणारे तुम्ही! मला त्या लोकांचा राग नाही येत, किळस येते. अक्कल यंत्राची, आवाज मेलेल्या माणसाचा, आणि स्वतःची काय ती फक्त हाव.

ताईला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझी उभी हयात बँकेत गेली, मला हे सोंग नवं नाही. रोज ठरलेला नफा, तोटा म्हणून नाहीच, ‘एआय रोबो’ झोपेतही व्यवहार करतो, आणि वर ‘घरात कुणाला सांगू नका’. जिथं नफ्याची हमी आणि गुप्ततेची अट एकत्र येतात तिथून चपला घालून निघावं. ताई म्हणाली, “तुझं नेहमी असंच. मी चेक केलंय, दोन हजार काढून पाहिले, लगेच परत आले.” परत येणारच. गळाला गांडूळ लावल्याशिवाय मासा कुठं येतो? पण सत्तरीतल्या निवृत्त मास्तरणीला हे सांगावं लागतं, याची मला लाज वाटली, आणि तसं मी तिला तोंडावर बोललोही.

मग तिनं मला तो आवाज ऐकवला. पहिल्याच वाक्यात तुम्ही तिला म्हणालात, “बाळ, माझी खरी शिष्या तूच.”

तिथंच मला कळलं की हे तुम्ही नाही. आठवतंय? मी दहा वर्षांचा, ओसरीवर रुद्र म्हणतोय. सुरुवातीपासून सोडलं की धडाधड जायचो. तुम्ही थांबवायचात, मधलाच एखादा शब्द द्यायचात आणि म्हणायचात, “इथून म्हण.” मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तुमचं म्हणणं, घोकणाऱ्याला आरंभ पाठ असतो, ज्याला येतं तो कुठूनही उचलतो. त्या दिवशी स्वयंपाकघरातून ताईनं पुढची ओळ उचलली, एकही स्वर न चुकवता. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. तुम्ही आत जाऊन आपल्याच लेकीला म्हणालात, “मुलींना संथा नसते. पुन्हा ऐकू येता कामा नये.” पुन्हा ऐकू आली नाही. आपल्या घरात पोथीपेक्षा कंठाला मान. विद्या या कंठातून त्या कंठात जाते, हे तुम्हीच शिकवलंत. मग ती मशीनच्या कंठात का जाणार नाही, असं तिला वाटलं तर मूर्ख तिला एकटीला कसं म्हणू? ‘शिष्या’ या ज्या शब्दासाठी ती साठ वर्षं थांबली, तो त्या हरामखोरांनी फुकट दिला.

परवा तिला तिची एफडी मोडायची होती. भाऊजींच्या मागे उरलेली ती एकच, दूध-औषध त्यावरच चालतं. आधी घातलेले पैसे काढायला गेली तर ‘पहिल्यांदा टॅक्स भरा’ म्हणून निरोप आलेला. म्हणजे आपलेच पैसे मिळवायला आणखी पैसे! मी बँकेतल्या ओळखीनं अडवू शकलो असतो, पण ती दुसऱ्या बँकेत गेली असती. म्हणून म्हटलं, “ताई, एकदाच. आप्पांना मधून म्हणायला सांग.”

तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला. ओसरीवर तुम्ही मला दिलेला तोच शब्द दिला आणि म्हणाली, “इथून म्हणा, आप्पा.”

“फार सुंदर प्रश्न, बाळ,” तुम्ही म्हणालात. “पण आजची संधी संध्याकाळी संपते. आधी टॅक्स भर.”

तिनं पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा संधीवर आलात. मग ताईनं गॅस बंद केला आणि ती ओळ स्वतः म्हटली, पुढची, त्यापुढची, शेवटपर्यंत. मग मोबाइल माझ्या हातात दिला. “जा, कंप्लेंट कर. गेले ते गेले.” ती रडली, पण पैशांसाठी नाही.

तक्रार केली. हा कागद कुठं पाठवणार, गंगेत टाकला तर उगाच घाण. पण एक गोष्ट ताईलाही सांगितलेली नाही. तिनं मला पहिल्यांदा आवाज ऐकवला तेव्हा ती भाजी चिरत होती, तिचं लक्ष नव्हतं. तुम्ही बोलू लागलात की आम्ही उठायचो आणि ‘बैस’ म्हणेपर्यंत उभं राहायचो. आप्पा, मी खुर्चीवरून उठलो होतो. खोटं आहे हे कळल्यावरसुद्धा तसाच उभा होतो. ते यंत्र ‘बैस’ म्हणालंच नाही.