नाकाविना काळी बिअर

४ नोव्हेंबर
नाही! आजही नाही. कॉफीच्या बिया तव्यावर जाळल्या—काही नाही. तापानं नाक नेलं ते नेलंच. डॉक्टर म्हणतात, "वास परत येईल, नाहीतर नाही येणार." एवढं तर मीही सांगितलं असतं! "रोज नाकाला काम द्या," म्हणे. देते. बिअर करते. इथल्या मठातले साधू करतात तशी, कडक, काळी.

फिर्मिनला सांगितलं. नवरोबा म्हणाले, "बहिऱ्यानं गाण्याची शिकवणी घ्यावी तसं झालं हे!"

११ नोव्हेंबर
साखरेचा काळा पाक केला. एरवी वासावर ठरतं, आज नुसत्या डोळ्यांवर. आधी सोनेरी, मग विटकरी, मग काळाकुट्ट. फिर्मिन अंगणातून ओरडला, "अगं, जळतंय की!" वाकून पातेल्यावर नाक धरलं. नुसती वाफ. रडूच आलं.

मग माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, उकळलेल्या पाण्यात पाक ओतला. कडवटपणासाठी पोपरिंग गावची हॉपची फुलं आधीच पडली होती. माझा भाऊ ओमेर यीस्ट घेऊन आला—म्हणजे मठाच्या बाटलीच्या तळाचा गाळ. वरची सगळी बिअर स्वतः ढोसून! "ताई, त्याग बघ माझा."

१३ नोव्हेंबर
बिअरचं पिंप बोलायला लागलं! न्हाणीघरात, माझ्या जुन्या कोटात गुंडाळून ठेवलंय. तासभर कान लावून बसले. आत काय चाललं असेल? कोण कुणाला खातंय? हात लावला तर कोमट, ताप आलेल्या पोरासारखं.

१४ नोव्हेंबर
झाकण उडालं. फेस थेट छताला. फिर्मिन तेव्हा आंघोळीला बसला होता. जाऊ दे.

६ डिसेंबर
सिंट निकोलासचा सण. आख्खं गाव बिस्किटं खात होतं, मी बाटल्या भरल्या.

२ जानेवारी
पहिली उघडली. फस्स! फेस कसा सायीसारखा! जिभेला गोड लागली, शेवटी कडू. बाकी शून्य.

"कशी झालीय?"
फिर्मिननं घोट गिळला. "मनुका."
"आणि?"
"अंजीर... थोडी लवंग."

ओमेरही एक घोट घेऊन म्हणाला, "ताई, मठवाले तुझे पाय धरायला येतील!" त्याचं सोडा, तो मेला गोडबोल्या. पण फिर्मिन! लग्नाच्या पंगतीत माझ्या आईच्या सुपाला 'भांड्यांचं धुवण' म्हणालेला माणूस हा. हा म्हणतोय मनुका, म्हणजे मनुकाच!

१९ जानेवारी
रोज संध्याकाळी तो एक बाटली घेतो, मी समोर बसते. काल चॉकलेट होतं, आज पावसात भिजलेलं लाकूड. मी डोळे मिटून ते वास आठवते. थोडं जमतं. या अर्ध्या तासासाठी दिवसभर जीव टांगलेला असतो.

"ओमेरला दे की दोन-चार."
"नको," फिर्मिन म्हणाला. "मलाच पुरायची नाही."

१० फेब्रुवारी
नाही.

२ मार्च
संत्रं सोललं आणि—आला! आला! वास आला! साबण हुंगला, कुत्रं हुंगलं, फिर्मिनची टोपी हुंगली. तो बाजारात गेलेला. थांबते कुठली! तळघरात धावले. शेवटची बाटली उरली होती. उघडून नाक लावलं.

दवाखाना! चिकटपट्टी, जखमेचं औषध, सगळं एकदम. बाटल्या ब्लीचनं धुतल्या होत्या, धड विसळल्या नसणार. घोट घशाखाली उतरेना. पायरीवर बसून हसले, मग रडले.

बाकीच्या सगळ्या फिर्मिननं संपवल्या.